वृद्धाश्रमातील औषधे : देणाऱ्याचा हात आणि नोंदीचा कागद

सायंकाळची जेवणे आटोपण्याच्या सुमारास एखाद्या वृद्धाश्रमात गेले, तर एक दृश्य बहुधा पाहावयास मिळते. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत टेबलावर एक मोठे ताट असते. त्यात लहान लहान वाट्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक वाटीत दोन, चार, क्वचित सात-आठ गोळ्या असतात. वाटीला चिकटवलेल्या कागदावर नाव लिहिलेले असते. काही ठिकाणी नावाऐवजी खाटेचा क्रमांक असतो. दुपारच्या निवांत वेळी एका सेविकेने त्या गोळ्या काढून ठेवलेल्या असतात आणि रात्री दुसरीच सेविका त्या वाटते. काम झटपट उरकते, आणि भेटीस आलेल्या पाहुण्यांनाही ही शिस्त पाहून समाधान वाटते.

मात्र गोळी पट्टीतून निघून वाटीत पडली की तिची ओळख संपते. पट्टीवर औषधाचे नाव असते, मात्रा असते, वापराची अंतिम तारीख असते. वाटीत उरते ती केवळ एक पांढरी, वाटोळी वस्तू. रक्तदाबाची गोळी पांढरी असू शकते, मधुमेहाची असू शकते आणि झोपेचीही असू शकते. दुपारी दोन वाट्यांची अदलाबदल झाली, तर रात्री वाटणाऱ्या सेविकेला ती ओळखण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. आणि सकाळी एखाद्या आजींना जाग आली नाही, तर त्यांच्या पोटात रात्री नेमके काय गेले हे डॉक्टरांना सांगणारेही कोणी नसते. वृद्धाश्रमातील औषधांच्या प्रश्नाचे मूळ बरेचसे येथे आहे. वैद्यकीय ज्ञान कमी पडते म्हणून होणाऱ्या चुका त्या मानाने थोड्या. ज्या हाताने पट्टी पाहून गोळी काढली, त्याच हाताने ती त्याच व्यक्तीस द्यावी आणि त्याच हाताने लगेच नोंद करावी, ही साखळी तुटली की चुकांना वाट मिळते.

संस्था वाढल्या, गरजा बदलल्या

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती आणि महाराष्ट्रात ती सुमारे १ कोटी ११ लक्ष होती. राज्यात वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना १९६३ पासूनची असून, त्यानंतर १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू झाली. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठ नागरिकांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला निदान एक वृद्धाश्रम असावा, अशी कल्पना मांडलेली आहे. यांखेरीज धर्मादाय संस्थांनी व खाजगी व्यक्तींनी चालविलेली निवासस्थाने आहेतच.

पूर्वी वृद्धाश्रम म्हणजे प्रामुख्याने अन्न, वस्त्र आणि निवारा अशी समजूत होती व त्या काळी ती चुकीचीही नव्हती. आज तेथे येणारी व्यक्ती अधिक वयाची असते आणि आपल्याबरोबर उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, संधिवात यांपैकी दोन-तीन व्याधी व त्यांची औषधे घेऊन येते. आहाराचा तक्ता भिंतीवर लावण्याची प्रथा बऱ्याच संस्थांनी पाडली आहे. औषधांच्या बाबतीत मात्र अजूनही सेविकेच्या स्मरणशक्तीवर भिस्त असते.

वृद्ध शरीर औषधाला निराळा प्रतिसाद देते. वयोमानानुसार मूत्रपिंडांची औषध बाहेर टाकण्याची शक्ती कमी होते, यकृताचे कार्य मंदावते, शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. परिणामी तीच मात्रा अधिक तीव्रतेने व अधिक काळ काम करते. तरुण माणसाला सर्दीच्या गोळीने थोडी गुंगी येते, तर ऐंशी वर्षांच्या आजोबांना तीच गोळी भ्रम, लघवी अडणे किंवा रात्री उठताना तोल जाणे येथपर्यंत नेऊ शकते. सांधेदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या वृद्धांच्या जठरात व्रण निर्माण करतात, रक्तदाब वाढवितात आणि मूत्रपिंडांना इजा करतात. अमेरिकेतील डॉ. मार्क बिअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची एक यादी प्रसिद्ध केली. ती मुळात तेथील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांसाठीच तयार केलेली होती. पुढे वेळोवेळी सुधारलेली ही यादी आजही डॉक्टर वापरतात.

इंग्लंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५५ निवासी संस्थांमधील २५६ वृद्धांची औषधे तपासण्यात आली. प्रत्येकास सरासरी आठ औषधे चालू होती आणि दहापैकी सुमारे सात जणांच्या बाबतीत निदान एक चूक आढळली. या चुका केवळ सेविकांच्या नव्हत्या. काही डॉक्टरांच्या चिठ्ठीत होत्या, काही औषधविक्रेत्याकडे झाल्या होत्या, तर काही तपासण्या वेळेवर न झाल्यामुळे उद्भवल्या होत्या. प्रशिक्षित कर्मचारी व छापील तक्ते असलेल्या देशातील ही स्थिती लक्षात घेता, आपल्याकडे दोन सेविकांवर चालणाऱ्या संस्थेला दोष देत बसण्यापेक्षा तिला चांगली पद्धत पुरविणे अधिक उपयोगाचे ठरेल.

पिशवीपासून पत्रकापर्यंत

नवीन निवासी दाखल होतो तो दिवस सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत धोक्याचाही. मुलगा किंवा पुतण्या एक पिशवी अधीक्षकांच्या हाती देतो. तीत कापलेल्या पट्ट्या, कागदाच्या पुडीत बांधलेल्या सुट्या गोळ्या, अर्धी संपलेली खोकल्याची बाटली, कुणा वैद्यांचे चूर्ण आणि तीन निरनिराळ्या डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या असतात. कित्येकदा हृदयरोगतज्ज्ञांनी एका व्यापारी नावाने दिलेली व गावच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने दिलेली गोळी एकच असते आणि वृद्ध व्यक्ती तेच औषध दुप्पट घेत असते. रुग्णालयातून परत आलेल्या व्यक्तीच्या बाबतीतही हाच प्रकार होतो. जुनी औषधे बंद झाली की नाहीत, हे सुटीच्या कागदावर स्पष्ट नसते, म्हणून जुनी व नवी दोन्ही चालू राहतात.

अशा वेळी संपूर्ण पिशवी टेबलावर ओतून, प्रत्येक औषध चिठ्ठीशी ताडून पाहावे आणि जे ताडता येत नाही ते बाजूला काढून डॉक्टरांना दाखवावे. ‘सध्या चालू द्या, पुढच्या आठवड्यात डॉक्टर येतील तेव्हा विचारू’ हे उत्तर सोयीचे असले तरी सुरक्षित नाही. चूर्ण, काढा, भस्म यांचीही नोंद करावी. ईसबगोलासारखी साधी वस्तूदेखील इतर औषधांबरोबर एकाच वेळी घेतल्यास त्यांचे शोषण कमी करू शकते, म्हणून दोहोंमध्ये दोन तासांचे अंतर ठेवलेले बरे.

यानंतर प्रत्येक निवाशाचे एक स्वतंत्र नोंदपत्रक तयार व्हावे. त्यासाठी महागडी छपाई लागत नाही. रेघा मारलेला फुलस्केप कागद पुरतो. वर व्यक्तीचे पूर्ण नाव, वय, खोली, छायाचित्र आणि कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ती तांबड्या शाईत. खाली औषधाचे मूळ नाव व पट्टीवरील व्यापारी नाव, मात्रा, वेळ, जेवणाशी संबंध, औषध कशासाठी आहे ते मराठीत, आणि समोर महिन्याच्या एकतीस तारखांचे रकाने. ‘कशासाठी’ हा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो. परंतु ‘रक्तदाबासाठी’ असे लिहिलेले असले, तर चक्कर येऊन पडलेल्या आजींना ती गोळी देण्यापूर्वी सेविका क्षणभर थांबते व विचारते. नुसत्या नावापुढे ती थांबत नाही.

औषध देताना नोंदपत्रक हाती असावे, औषधाचा डबा जवळ असावा आणि एका वेळी एकाच व्यक्तीचे काम पूर्ण करावे. व्यक्तीची ओळख पटवताना ‘तुम्ही अमुक ना?’ असे विचारू नये; ऐकू कमी येणारी व्यक्ती कशालाही होकार देते. ‘आपले नाव सांगा’ असे म्हणावे आणि स्मृतिभ्रंश असल्यास छायाचित्र पाहावे. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका वृद्धाश्रमात एकाच खोलीत एकाच नावाच्या दोन आजी राहत होत्या. एकीची मधुमेहाची गोळी एका रात्री दुसरीला दिली गेली. सेविकेच्या ते पाव तासात लक्षात आले, तिने ते तत्काळ अधीक्षकांना सांगितले, म्हणून आजींना ताबडतोब रुग्णालयात हलवून रात्रभर साखर तपासता आली. त्यानंतर त्या संस्थेत नावापुढे माहेरचे आडनावही लिहू लागले.

सही करावयाची ती गोळी गिळल्यानंतर. पाणी पिऊन झाल्यावर आजोबांशी दोन शब्द बोलावेत. त्या निमित्ताने गालात दडवलेली गोळीही कळते. शिक्षक-वाचकांना ही पद्धत नवी नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडॅझोलची गोळी मुलाच्या हाती देऊन त्याला घरी न पाठवता ती आपल्यासमोर चावून खावयास लावतात, आणि क्षयरोगाच्या उपचारातही समोर औषध घेण्याची पद्धत पुष्कळ वर्षे राबविली गेली. औषध दिले गेले नसेल, तर रकाना रिकामा ठेवू नये. ‘झोपले होते’, ‘नको म्हणाले’, ‘उलटी झाली’, ‘गोळी संपली’ यांपैकी जे खरे असेल ते लिहावे. रिकामा रकाना पाहून पुढच्या पाळीची सेविका औषध राहिले असे समजते व दुसऱ्यांदा देते. दोनदा दिलेल्या मात्रेचे हे एक नेहमीचे कारण आहे.

चिठ्ठीची भाषा

आपल्याकडील डॉक्टर १–०–१ अशा आकड्यांनी सकाळ, दुपार, रात्र दर्शवितात. ही पद्धत सोपी असून सेविकांनाही ती कळते. अडचण येते ती लॅटिन संक्षेपांची. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना, ‘एसओएस’ गरज पडल्यास. पण नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीत ‘ओडी’ याचा अर्थ उजवा डोळा असाही असतो. ‘एसओएस’ लिहिलेल्या औषधाची गरज केव्हा पडली असे समजायचे, दोन मात्रांत किती तासांचे अंतर ठेवायचे आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त किती गोळ्या, हे तीन प्रश्न डॉक्टरांना त्याच वेळी विचारून उत्तरे मराठीत लिहून घ्यावीत.

सर्वांत सावध राहावे ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या औषधांबाबत. संधिवाताच्या काही प्रकारांत दिली जाणारी मेथोट्रेक्झेट ही गोळी आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी घ्यावयाची असते. ती चुकून रोज दिली गेली, तर तोंडात व्रण पडतात, रक्तपेशी तयार होण्याचे काम थांबते आणि रुग्ण दगावू शकतो. जगभर अशा दुर्घटना घडल्या आहेत. नोंदपत्रकावर अशा औषधापुढे वार अक्षरी लिहावा, ‘दर सोमवारी’ असा, आणि बाकीच्या तारखांच्या रकान्यांवर आधीच फुली मारून ठेवावी.

नावांच्या साधर्म्याचा धोकाही मोठा आहे. मेटफॉर्मिन मधुमेहाचे, मेट्रोनिडॅझोल जंतुसंसर्गाचे. क्लोनिडिन रक्तदाबाचे, क्लोनाझेपाम फेफरे व अस्वस्थतेचे. व्यापारी नावांत तर हे साम्य अधिकच असते. ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या मलेरियावरील दोन औषधांच्या नावांवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिलेल्या निर्णयात, औषधांच्या नावांतील साम्य इतर मालाच्या तुलनेत अधिक कडक कसोटीवर तपासले पाहिजे, असे तत्त्व मांडले. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती त्यांच्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांत २०१६ साली झाली. तेव्हा चिठ्ठी वाचता येत नसेल, तर डॉक्टरांना नम्रपणे पुन्हा विचारण्यात कोणताही आगाऊपणा नाही. अंदाजाने वाचणे हाच खरा आगाऊपणा होय.

एकादशी आणि मधुमेहाची गोळी

जेवण आणि औषध यांचे नाते सेविकांना एकदा नीट समजावून सांगितले, तर बऱ्याच चुका टळतात. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यावयाची असते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून ती चार तास दूर ठेवावी. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा दिली जाणारी अॅलेंड्रोनेटची गोळी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास बसून किंवा उभे राहावे लागते, कारण आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत भाजल्यासारखा व्रण करते. कंपवाताच्या लेव्होडोपा या औषधात तर वेळच महत्त्वाची. ते तासभर उशिरा मिळाले, तरी काही आजोबांना खुर्चीतून उठणे अशक्य होते व त्यांना ‘हट्टी’ ठरविले जाते.

परंतु महाराष्ट्रात या संदर्भात उपवासाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. एकादशी, संकष्टी, सोमवार, श्रावण, नवरात्र यांचे वृद्धांच्या जीवनातील स्थान मोठे आहे आणि कुटुंबापासून दूर राहणाऱ्या व्यक्तीला तर तो आपल्या पूर्वायुष्याशी राहिलेला एक धागा असतो. तो तोडण्याचा अधिकार कोणाही अधीक्षकास नाही. मात्र ग्लिमेपिराइड, ग्लिबेन्क्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या शरीरातील इन्सुलिनचा स्राव वाढवितात. त्या घेऊन जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम, थरथर, धडधड ही लक्षणे तरुणात ठळक दिसतात. वृद्धात मात्र केवळ गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा चिडचिड दिसते आणि ‘उपवासाने थकवा आला असेल’ म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. दुसरीकडे, दुपारी साबुदाण्याची खिचडी व बटाटा पोटभर खाल्ल्यास साखर एकदम वाढते. शिवाय ‘उपवासाला औषध चालत नाही’ या समजुतीने कित्येक आजी त्या दिवशी रक्तदाबाची गोळीही पदराला बांधून ठेवतात.

यावर उपाय आधी ठरविण्याचा आहे. मधुमेह असलेला कोणता निवासी कोणते उपवास करतो याची यादी करून, उपवासाच्या दिवशी कोणती गोळी द्यावी, कोणती कमी करावी, कोणती वगळावी हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि ते नोंदपत्रकाच्या मागील बाजूस डकवावे. आषाढी एकादशीच्या सकाळी धावपळ करून ते ठरत नाही. साखर ७० पेक्षा खाली गेलेली व्यक्ती शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर काहीतरी खावयास द्यावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोळीमुळे उतरलेली साखर एकदा सावरली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून अशा व्यक्तीला डॉक्टरांना दाखविल्याशिवाय रात्री एकटे झोपू देऊ नये.

इन्सुलिनची दोन मापे

आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या प्रामुख्याने एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या तीव्रतेच्या मिळतात, तर पेनमध्ये भरावयाच्या नळ्या सामान्यतः १०० युनिट तीव्रतेच्या असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. सामान्यतः तांबड्या टोपणाची ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी. हा फरक न जाणता एकीचे औषध दुसरीने ओढले, तर काय घडते ते पाहू. डॉक्टरांनी २० युनिट सांगितले आहेत. १०० तीव्रतेचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट शरीरात जातात, अडीचपट. उलट ४० तीव्रतेचे इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरल्यास केवळ ८ युनिट मिळतात. सिरिंजवर खूण मात्र दोन्ही वेळा २० चीच दिसते, म्हणून चूक लक्षात येत नाही. बाटलीवरील आकडा व सिरिंजवरील आकडा एकच आहे हे मोठ्याने वाचून दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेतल्याशिवाय इन्सुलिन देऊ नये.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी, पण शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरात असलेली बाटली थंड जागी सुमारे चार आठवडे चालते, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात वीज गेल्यास ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके बऱ्यापैकी काम भागवते. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या टोपलीत न टाकता जाड डब्यात साठवून त्यांची विल्हेवाट प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने लावावी.

गिळणे आणि नाकारणे

गोळी देताना व्यक्तीला सरळ बसवावे, आधी घोटभर पाणी द्यावे व नंतर एकेक गोळी. गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात सर्व गोळ्या एकत्र कुटण्याची प्रथा बंद झाली पाहिजे. नावापुढे ‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ असलेली गोळी दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनविलेली असते. ती कुटली की दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरते. काही गोळ्यांवर आतड्यातच विरघळणारे आवरण असते, तर जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटसारखी गोळी गिळल्यास छातीत दुखणाऱ्या रुग्णाला तिचा तत्काळ उपयोग होत नाही. गिळण्याचा त्रास डॉक्टरांना सांगावा. पुष्कळ औषधे पातळ स्वरूपात किंवा दुसऱ्या पर्यायाने मिळू शकतात.

औषध नको म्हणण्याचा अधिकार वृद्धाश्रमात आल्याने संपत नाही. नकारामागे बहुधा कारण असते. लघवीचे प्रमाण वाढविणारी गोळी घेतल्यास रात्री चार वेळा उठावे लागते आणि संडास अंगणापलीकडे आहे. किंवा लोहाच्या गोळीने पोट बिघडते. किंवा कोणी समजावूनच सांगितलेले नाही. पहिल्या उदाहरणात ती गोळी सकाळी देता येईल का, एवढे डॉक्टरांना विचारले की प्रश्न सुटतो. अर्ध्या तासाने पुन्हा विचारावे, तरीही नकार असेल तर तसे लिहावे व दोन-तीन वेळा असे झाल्यास डॉक्टरांना कळवावे. समजउमज असलेल्या व्यक्तीस वरणभातात लपवून औषध देणे ही फसवणूक आहे. शिवाय अशा व्यक्तीस एकदा शंका आली की ती जेवणही सोडते. स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना निर्णयच घेता येत नाही, त्यांच्याबाबत डॉक्टर व नातेवाईक यांनी मिळून ठरवावे आणि ते लेखी असावे. सेविकेने एकटीने ठरवू नये.

चूक झाल्यावर

पगार कापण्याच्या किंवा कामावरून काढण्याच्या भीतीने चूक लपविली जाते, आणि लपविलेल्या चुकीत जो वेळ जातो तोच निवाशाला भोवतो. वर सांगितलेल्या दोन आजींच्या प्रसंगात सेविका गप्प राहिली असती, तर सकाळपर्यंत कोणासही काही कळले नसते. तेव्हा चूक सांगणाऱ्यास त्या दिवशी शिक्षा होणार नाही, असे अधीक्षकांनी आधीच व सर्वांसमक्ष सांगून ठेवावे. चुकीचे औषध गेले असल्यास आपण होऊन उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. गोळीची पट्टी व नोंदपत्रक हाती घेऊन डॉक्टरांशी संपर्क साधावा आणि निवाशाला व त्याच्या नातेवाइकांना खरे ते सांगावे. औषध योग्य असूनही अंगावर पुरळ, सूज, एकाएकी भ्रम असा काही विपरीत परिणाम दिसला, तर तो औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८०० १८० ३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळविता येतो.

कपाट आणि भेट

जिल्हा व तालुका अधिकारी, पंचायत सदस्य, शाळेची सहल घेऊन येणारे शिक्षक असे अनेक जण वृद्धाश्रमांना भेट देतात. फळे वाटून, छायाचित्र काढून ते परततात. त्यांनी कृपया औषधांचे कपाटही एकदा उघडून पाहावे. ते कुलूपबंद आहे काय, प्रत्येकाचा डबा वेगळा आहे काय, आणि पट्ट्या कापताना अंतिम तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राखला आहे काय? दानात आलेली उरलीसुरली औषधे हा एक नाजूक विषय आहे. देणाऱ्याची भावना चांगली असते, पण कुणा मृत व्यक्तीची अर्धी पट्टी दुसऱ्याच्या वाटीत जाणे हे दान नव्हे. अशी औषधे घेऊच नयेत. त्याऐवजी ग्रामस्थांनी एखादे रक्तशर्करा तपासणीचे यंत्र व त्याच्या पट्ट्या द्याव्यात, किंवा जनऔषधी केंद्रातून महिन्याची औषधे आणून देण्याचा भार उचलावा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तीन-चार महिन्यांतून एकदा सर्व नोंदपत्रके पाहून अनावश्यक औषधे बंद करावीत, एवढा ठराव ग्रामपंचायतीने केला तरी पुष्कळ साधेल. वृद्धांना किंवा त्यांच्या वतीने इतरांना तक्रार अथवा मार्गदर्शनासाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही उपलब्ध आहे.

आणि नोंदपत्रक पाहावयास मागावे ते आजचे नव्हे, मागील महिन्याचे. त्यात कोठेतरी ‘नको म्हणाल्या’ किंवा ‘ताप असल्याने डॉक्टरांना विचारून थांबविली’ असे लिहिलेले आढळले, सह्या निरनिराळ्या हातांच्या असल्या, एखाद्या ठिकाणी पाण्याचा डाग असला, तर ते पत्रक निवाशाच्या खाटेपाशी बसून भरलेले आहे असे समजावे. एकतीस दिवसांच्या त्र्याण्णव सह्या एकाच शाईत, एकाच वळणात, एकही खाडाखोड नसलेल्या दिसल्या, तर मात्र अधीक्षकांजवळ बसून, दारे लावून, थोडे सविस्तर बोलावे.